संवादाचे स्थान आणि साधनशुचिता

आपण निर्माण केलेली वस्तू जगाने वापरावी, तपासावी, बदलावी आणि पुढे वाटावी, एवढेच नव्हे तर हा हक्क कोणालाही कधी नाकारता येऊ नये, हे ज्यांनी आपले व्रत मानले, त्यांनी आपापसांत बोलण्यासाठी कोणत्या जागी जमावे हा प्रश्न प्रथमदर्शनी तत्त्वविचाराच्या कक्षेत येण्याजोगा वाटत नाही. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रोग्रामरांच्या समुदायांत मात्र याच प्रश्नावरून महिनोन् महिने वाद झडतात, जुने स्नेह विसविशीत होतात, आणि वर्षानुवर्षे खांद्याला खांदा लावून काम केलेली माणसे कोणी आयआरसीवर, कोणी स्लॅकवर, कोणी डिस्कॉर्डवर, तर कोणी मॅट्रिक्सवर अशी संवादाच्या निरनिराळ्या व्यवस्थांवर विखुरली जाऊन एकमेकांना पारखी होतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा सोयी-गैरसोयीचा मामला वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु वाद घालणाऱ्यांचे म्हणणे बारकाईने ऐकले, म्हणजे ते ज्या प्रश्नाभोवती फिरत असतात तो आपल्याकडे चांगला परिचयाचा आहे असे ध्यानात येते. शुद्ध साध्यासाठी अशुद्ध साधन वापरले असता साध्य शुद्ध राहते काय, हा तो प्रश्न होय. गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये साध्य आणि साधन यांचा संबंध अभेद्य असल्याचे प्रतिपादन केले, आणि पुढे आचार्य जावडेकरांच्या पिढीने मराठीत या विषयाची जी मीमांसा केली, ती केवळ राज्यक्रांतीच्या साधनांपुरती होती असे समजण्याचे काही कारण नाही. माणसे एकत्र येऊन जे जे काही उभारतात त्या सर्वांना ती कसोटी लागू पडते.

या क्षेत्रात ती कसोटी सर्वांत कठोरपणे लागली ती लिनक्स या मुक्त प्रणालीच्या बाबतीत. जगभरातून येणाऱ्या बदलांची नोंद ठेवणे हाताबाहेर जाऊ लागले, तेव्हा तिचे मूळ कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी २००२ साली बिटकीपर नावाचे एका कंपनीच्या मालकीचे साधन स्वीकारले. कंपनीने ते मुक्त प्रकल्पांना फुकट दिले होते. अट इतकीच, की जो ते फुकट वापरील त्याने तशाच प्रकारचे प्रतिस्पर्धी साधन निर्माण करण्याच्या कामात भाग घेऊ नये. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांच्यासारख्या तत्त्वनिष्ठांनी या निर्णयावर आक्षेप घेतला, आणि व्यवहारज्ञांनी त्यांना उत्तर दिले की, उपलब्ध साधनांत जे उत्तम आहे ते घ्यावे आणि कामाला लागावे. तीन वर्षे काम खरोखरच वेगाने चालले, हे नाकारता येणार नाही. पुढे अँड्र्यू ट्रिजेल या प्रोग्रामरने बिटकीपरमधील माहिती स्वतंत्रपणे वाचता यावी असा प्रयत्न आरंभला आणि त्याचे निमित्त होऊन एप्रिल २००५ मध्ये कंपनीने फुकट परवाना मागे घेतला. टोरवाल्ड्स यांनी त्याच महिन्यात गिट हे त्याच कामाचे मुक्त साधन लिहावयास घेतले, काही दिवसांतच ते साधन स्वतःची नोंद स्वतः ठेवू लागले, आणि जूनमध्ये लिनक्सची पुढची आवृत्ती त्याच्याच आधाराने निघाली. आज जगातील बहुतेक प्रोग्रामर गिटच वापरतात.

दोन्ही पक्ष या इतिहासात आपापला विजय पाहतात. तत्त्वनिष्ठ म्हणतात, देणाऱ्याच्या मर्जीने मिळालेले त्याच्या मर्जीने गेले. व्यवहारज्ञ म्हणतात, बिटकीपर हाताळले नसते तर गिट सुचले नसते. मला यात तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि तिचा उच्चार क्वचितच होतो. त्या तीन वर्षांत ज्यांनी ती अट सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मान्य केली नाही, त्यांना आपल्याच प्रकल्पाचा संपूर्ण इतिहास बरोबरीच्या नात्याने हाताळता येत नव्हता. साधन फळाला विटाळते की नाही हा विचार वेळ घेऊन करता येईल. पण ते कोणाला बाहेर ठेवते, हे पहिल्याच दिवशी पाहता येते.

संभाषणाच्या बाबतीत तर हा मुद्दा अधिकच तीव्र होतो, कारण हातोडा एकट्याने वापरता येतो, बोलणे एकट्याने करता येत नाही. या दृष्टीने आयआरसीचे उदाहरण मननीय आहे. ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ही व्यवस्था निर्माण केली आणि १९९३ साली तिचे नियम जाहीरपणे लिहून ठेवले गेले. ते नियम पाळून कोणीही सर्व्हर चालवावा, कोणीही तो वापरण्याचा प्रोग्राम लिहावा. कोणाची परवानगी नको, कोणाचा मक्ता नाही. तिचा स्वभाव पूर्णपणे अपरिग्रही आहे. एकाने लिहिलेली ओळ त्या क्षणी हजर असलेल्यांना पोचविली, की सर्व्हर ती विसरून जातो. आपण मागाहून आत आलो तर आधी काय बोलणे झाले याची एकही ओळ समोर येत नाही. दोन सर्व्हरांमधला दुवा तुटला तर भरलेली सभा क्षणार्धात दुभंगते, अर्ध्या लोकांना उरलेले अर्धे निघून गेल्यासारखे दिसते, आणि दुवा जुळला की सर्वजण परत येतात. मधल्या काळात पलीकडे जे बोलले गेले ते इकडच्यांना अज्ञातच राहते. एका संदेशाला ५१२ बाइटांची मर्यादा आहे, आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला आजच्या युनिकोड पद्धतीत तीन बाइट लागत असल्यामुळे, इंग्रजी लिहिणाऱ्याला जितकी लांब ओळ मिळते तिच्या तिसऱ्या हिश्श्यातच मराठी लिहिणाऱ्याचे वाक्य तुटते. नियम करणाऱ्याच्या मनात कोणताही दुजाभाव नव्हता. औलूमध्ये बसून मराठी वाक्याची लांबी मोजण्याचा प्रसंगच आला नव्हता.

आयआरसीवर प्रेम करणाऱ्यांची एक मोठी पिढी आहे आणि त्यांच्या प्रेमात अस्सल वैराग्याचा अंश आहे, हे मी आदराने मान्य करतो. तथापि त्यांच्यापैकी बहुतेकांनी विस्मृतीवर उपाय शोधलेला असतो. ज्याच्यापाशी चोवीस तास चालणारा एखादा सर्व्हर आहे आणि तो चालविण्याचे ज्ञान आहे, तो आपला प्रोग्राम रात्रंदिवस सभेत बसवून ठेवतो आणि सकाळी उठून रात्रीचे सगळे बोलणे वाचतो. ज्याच्यापाशी एक फोन आणि वरचेवर तुटणारी जोडणी एवढेच आहे, तो विद्यार्थी प्रश्न विचारतो, दहा मिनिटांनी त्याची जोडणी तुटते, विसाव्या मिनिटाला कोणी जाणकार सविस्तर उत्तर लिहितो, आणि ते उत्तर त्या विद्यार्थ्यापर्यंत कधीच पोचत नाही. संन्याशाला संग्रह करावा लागत नाही याचे कारण गृहस्थाने तो केलेला असतो. येथे तर संन्यासी आणि गृहस्थ एकच असून आपल्या कोठाराचा त्याला विसर पडलेला असतो. व्यवस्था निःसंग राहिली, पण स्मृती ऐपतदारांच्या घरी गेली.

मोझिला या संस्थेने २०१९ साली या प्रश्नाचा जो निवाडा केला तो मला या सगळ्या वादातील सर्वांत विचारपूर्वक केलेला निवाडा वाटतो. फायरफॉक्स ब्राउझर घडविणारे लोक दोन दशकांहून अधिक काळ संस्थेच्या स्वतःच्या आयआरसी सर्व्हरवर बोलत आलेले होते. एप्रिलमध्ये संस्थेने जाहीर केले, की ही जागा आता सोडावयाची आहे. आणि त्याची जी कारणे दिली त्यांत सोयीपेक्षा नीतीचा भाग मोठा होता. निनावीपणे येऊन सहकाऱ्यांना शिवीगाळ करणे आणि छळणे या जागी फार सोपे झाले होते, आणि नव्या माणसाला केवळ आत येण्यासाठीच एक अपरिचित विद्या शिकावी लागत होती. नव्या जागेबद्दलच्या अपेक्षा आधीच लिहून काढल्या गेल्या: येणाऱ्याची ओळख पटावी, सभ्यतेचे नियम मोडणाऱ्याला आवर घालण्याची साधने हाती असावीत, आणि अपंगत्व असलेल्या माणसाला ती जागा इतरांप्रमाणेच वापरता यावी. स्लॅक, मॅटरमोस्ट, रॉकेट-चॅट आणि मॅट्रिक्स या चौघांची परीक्षा झाली, डिसेंबरमध्ये मॅट्रिक्सची निवड जाहीर झाली, आणि मार्च २०२० मध्ये जुना सर्व्हर कायमचा बंद झाला.

यातील तिसऱ्या अपेक्षेपाशी थोडे थांबले पाहिजे. अंध प्रोग्रामर पडद्यावरचा मजकूर स्क्रीन रीडरच्या साहाय्याने ऐकतो. एखाद्या बटणावर सुंदर चित्र आहे पण त्या चित्रामागे शब्द लिहिलेला नाही, तर त्याच्या कानी नुसते 'बटण' एवढेच येते. नवा संदेश आला आणि त्याची सूचना स्क्रीन रीडरला मिळाली नाही, तर त्याच्यापुरती ती सभा मुकी असते. आता अशा प्रोग्रामच्या परवान्यात स्वातंत्र्याची सगळी कलमे बिनचूक लिहिलेली आहेत, मूळ आज्ञावली वाचावयास खुली आहे, आणि कोणीही ती दुरुस्त करू शकतो, असे त्या माणसाला सांगितले तर ते खरेच असेल. पण दुरुस्ती कशी करावी याची चर्चा ज्या सभेत चालली आहे तिच्यातच त्याला शिरता येत नाही. या विषयातील शुद्धतावाद्यांना उद्देशून मला कळकळीने सांगावेसे वाटते ते हेच, की परवान्याची शुद्धता ही शुद्धतेची एक बाजू झाली. दार ज्याला उघडता येत नाही त्याच्या दृष्टीने घराची मालकी कोणाकडे आहे हा प्रश्न पुढचा आहे.

तो पुढचा असला तरी गौण नाही, हे फ्रीनोडच्या प्रकरणाने दाखवून दिले. मुक्त सॉफ्टवेअरचे हजारो समुदाय ज्या आयआरसी-जाळ्यावर वर्षानुवर्षे नांदत होते, ते स्वयंसेवक चालवीत असत. परंतु नावाची कागदोपत्री मालकी एका कंपनीमार्फत एका व्यक्तीकडे गेलेली होती. कारभार कोणाच्या अखत्यारीत यावरून तंटा झाला आणि १९ मे २०२१ रोजी स्वयंसेवकांनी राजीनामे देऊन लिबेरा चॅट हे नवे जाळे उभारले. ते स्वीडनमधील एका ना-नफा संस्थेच्या नावे आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस, ज्या सभांच्या शीर्षकात 'आम्ही लिबेराकडे गेलो' अशा आशयाचा उल्लेख होता अशा शेकडो सभा फ्रीनोडच्या नव्या कारभाऱ्यांनी यंत्राकरवी कब्जात घेतल्या. नियम खुले, प्रोग्राम खुले, चालविणारे निःस्वार्थी. आणि तरीही जप्ती आली, कारण नाव खासगी होते. दुसऱ्या बाजूने हेही पाहावे, की एवढे मोठे स्थलांतर काही आठवड्यांत पार पडले. बहुतेकांना आपल्या प्रोग्राममधील पत्त्याची एक ओळ बदलावी लागली. नेण्याजोगे काही साठविलेलेच नव्हते म्हणून निघणे सोपे गेले. ज्या अपरिग्रहाला मी वर दोष दिला, तोच येथे तारक ठरला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

स्लॅकची गोष्ट याच्या उलट आहे. ते सर्व काही लक्षात ठेवते, आणि म्हणूनच सोडवत नाही. २०१३ साली ते आले, आणि आरंभीच्या वर्षांत आयआरसीचा प्रोग्राम वापरूनही त्यात बोलता येत असे. मे २०१८ मध्ये तो मार्ग बंद करण्यात आला. फुकट वापरणाऱ्या समुदायाला शेवटचे दहा हजार संदेश तेवढे दिसत, आणि सप्टेंबर २०२२ पासून शेवटचे नव्वद दिवस. त्यापूर्वीचे दप्तर पैसे मोजल्याखेरीज उघडत नसे. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेचे इराणवरील निर्बंध पाळताना कंपनीने इराणशी संबंध आल्याचे दिसलेल्या अनेकांची खाती बंद केली, त्यांत केवळ प्रवासाला म्हणून तेथे जाऊन आलेली माणसेही सापडली, आणि पुढे कंपनीने झालेल्या चुकांबद्दल दिलगिरी व्यक्त केली. जून २०२५ मध्ये कुबरनेटीस या विशाल प्रकल्पाला कळविण्यात आले, की आजवरची खास सवलत थोड्याच दिवसांत संपेल. काही दिवसांत तो निर्णय मागे घेतला गेला. यात कोणाची दुष्टबुद्धी होती असे माझे म्हणणे नाही. इनाम हे इनामच असते. सनद देणारा कितीही उदार असला तरी ती रद्द करण्याचा अधिकार त्याच्याच दप्तरी राहतो, आणि घेणाऱ्याच्या मनात त्या अधिकाराची एक सूक्ष्म भीती कायमची वस्ती करते.

स्मृती ठेवावी तर बंधन येते, आणि बंधन टाळावे तर विस्मृती येते, असा हा पेच आहे. मराठी माणसाला या पेचाचे एक रूप आपल्याच वाङ्मयेतिहासात सापडेल. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या शिष्यांनी संस्कृताची प्रतिष्ठा बाजूस सारून सामान्यांच्या मराठीचा आग्रह धरला, म्हाइंभटांनी ऋद्धिपुरास राहून स्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्या मुखातून मिळवून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'लीळाचरित्र' सिद्ध केले, आणि मराठी गद्याचा एक अमोल ठेवा निर्माण झाला. पुढे त्याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवून ठेवले. पावित्र्य राखावे, परक्यांची कुचेष्टा टळावी हे हेतू समजण्याजोगे आहेत. ग्रंथ टिकले हेही खरे. पण ज्या भाषेत सर्वांनी वाचावे म्हणून ते लिहिले होते त्या भाषेचे वाचक त्यांना कैक शतके मुकले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी त्या लिपीचा उलगडा केला तेव्हा कोठे ते सर्वांच्या नजरेस आले. आजचे अनेक मुक्त प्रकल्प आपले सगळे शंकासमाधान डिस्कॉर्डच्या बंद दालनांत करतात, तेव्हा मला या इतिहासाची आठवण होते. तेथे खाते काढून आत गेल्याखेरीज काही दिसत नाही, कोणत्याही शोधयंत्राला तेथील उत्तरे सापडत नाहीत, आणि एकच अडचण पडलेली शंभर माणसे शंभरदा तोच प्रश्न विचारतात.

या पेचातून वाट काढण्याचे जे प्रयत्न झाले आहेत त्यांत दोन मला आश्वासक वाटतात. मॅट्रिक्समध्ये निरनिराळ्या संस्थांचे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असतात आणि एका दालनातील बोलण्याची प्रत त्यात भाग घेणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर राहते, त्यामुळे एखादा रुसला वा बुडाला तरी दप्तर इतरांकडे उरते. मोझिलानेही आपला मॅट्रिक्स-सर्व्हर एका कंपनीकडे भाडेपट्ट्याने चालवावयास दिला होता. तरी भाडेकरूला आपले सामान घेऊन घर बदलता येते आणि इनामदाराला येत नाही, हा भेद लहान नाही. झुलिपची कथा वेगळी आहे. ते आरंभी एका छोट्या कंपनीचे होते, मग ड्रॉपबॉक्सने ते विकत घेतले, आणि २०१५ साली ते मुक्त परवान्याखाली जगाला दिले गेले. त्यात प्रत्येक बोलणे कोणत्या ना कोणत्या विषयाखाली घालण्याची रीत आहे, आणि समुदायाची इच्छा असेल तर ते खाते न काढताही कोणालाही वाचता येते. रस्ट या भाषेचे संकलक घडविणारे लोक आणि लीन या प्रणालीत गणिताच्या सिद्धता लिहिणारे लोक तेथे जमतात. गणितज्ञाने विचारलेला प्रश्न आणि त्यावरचे उत्तर मागाहून येणाऱ्याला विषयाच्या नावानिशी सापडते. बोलण्याला अशी शिस्त लावली की ओघ थोडा मंदावतो, हलक्याफुलक्या गप्पांची मजा काहीशी जाते, अशी तक्रार मी ऐकली आहे आणि ती खोटी नाही. ती किंमत देण्याजोगी आहे असे मला वाटते.

मात्र साधन कोणतेही निवडले तरी स्मृतीचे उत्तरदायित्व त्याच्यावर सोपविता येणार नाही, असे माझे मत आहे. उदाहरणार्थ, पश्चिम बंगालमधील दुर्गापूरच्या लिनक्स वापरणाऱ्यांचा गट उन्हाळ्यात विद्यार्थ्यांसाठी जे वर्ग चालवीत आला, ते त्याच विस्मरणशील आयआरसीवर. वर्ग चालू असता ज्याला प्रश्न विचारावयाचा आहे त्याने केवळ एक उद्गारचिन्ह टंकावे आणि थांबावे. शिकविणाऱ्याने नाव घेऊन पुकारल्यावर प्रश्न लिहावा. आणि आपले बोलणे संपले की संपल्याची ठरलेली खूण लिहावी, असा तेथील दंडक. कोणी कोणाचे वाक्य तोडत नाही, आणि ज्याचे इंग्रजी अडखळते त्यालाही वाक्य पुरे करण्याइतका अवकाश मिळतो. वर्गाची संपूर्ण नोंद गटातील कोणी तरी ठेवतो आणि ती सर्वांसाठी प्रसिद्ध केली जाते, त्यामुळे संध्याकाळी ज्याच्या गावी वीज नव्हती तो दुसऱ्या दिवशी ती वाचतो आणि पुढच्या वर्गात उद्गारचिन्ह टंकून राहिलेला प्रश्न विचारतो.